काळेसाहेबांचे दोन टीव्ही

उमेगाकी तोकुजींचा धंदा काळ्या रंगाचा. वडिलांचा तोच, आजोबांचाही तोच. लग्नात घरचे वडीलधारे आणि मयताला सगळेच जे काळे रेशमी किमोनो घालतात, त्यांचं कापड ते रंगवत. घराण्याच्या पांढऱ्या चिन्हाएवढी जागा सोडायची आणि बाकी अख्खा ताका काळा करायचा. दुसरा रंग त्यांच्या घरात होता तो फक्त काळ्याच्या खाली. आधी तांबड्याचा हात द्यायचा, नाहीतर निळ्याचा, आणि मग वर काळा चढवायचा. क्योतोत होरिकावा रस्त्याच्या पश्चिमेला आमची अरुंद गल्ली आहे, तिच्यात माझं लोणच्याचं दुकान आणि त्यांचा कारखाना यांच्यात एकच भिंत. तिच्यातून पलीकडची शिंकसुद्धा ऐकू येते. तेव्हा हे जे सांगते आहे त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आणि उरलेलं भिंतीने सांगितलेलं.

गल्लीत त्यांना कुरोसान म्हणायचे, म्हणजे काळेसाहेब. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर सगळे वाकून नमस्कार करत आणि ते गेले की आपापल्या कपड्यांकडे बघत. कारण कुरोसानना काळा कपडा दिसला की राहवत नसे. गल्लीतल्या तांदूळवाल्यांचे वडील गेले तेव्हाची गोष्ट. उदबत्ती लावायच्या रांगेत त्यांच्यापुढे तांदूळवाल्यांचा मेहुणा उभा होता. बिचारा दुःखात होता. कुरोसान मागून हळूच म्हणाले, "किमोनो कुठे रंगवला?"

मेहुण्याने काहीतरी नाव सांगितलं.

"उन्हात नेऊ नका. तपकिरी निघेल."

तो माणूस उरलेला सगळा विधी खांबाच्या सावलीत उभा राहून करत होता. तेव्हापासून मयताला कुरोसान येणार आहेत असं कळलं की बायका कपाट दोनदा उघडत.

त्यांची बायको सावाकोसान. अंगाने लहानखुरी, आवाजाने त्याहून लहान. तोकुजींनी रंगवलेला ताका विहिरीच्या पाण्यात विसळायचा, ताणून वाळवायचा, इस्त्री करून गुंडाळायचा, हे तिचं काम. लग्न झाल्यापासून, म्हणजे एकोणपन्नास वर्षं. तिचं बोलणं असं की ऐकणाऱ्याला घरी पोचल्यावर कळायचं आपल्याला टोमणा बसला ते.

टीव्हीचं सगळं सुरू झालं ते २००९ सालच्या शरदात. त्यांच्याकडे जुना डबा टीव्ही होता, पाठीला कुबड असलेला. दोन वर्षांनी जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण बंद होणार होतं आणि ते लोकांच्या लक्षात राहावं म्हणून पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात सारखी तशी अक्षरं दिसत. नागोयाला दिलेली त्यांची मुलगी रित्सुको फोनवर म्हणाली, "बाबा, नवा घ्या आता. सपाट पडद्याचा."

"दोन वर्षं आहेत अजून."

हे ऐकून सावाकोसान विहिरीपाशी, त्यांच्या कानावर जाईल अशा बेताने, मला म्हणाली, "यांचं बरोबर आहे, फुमी. दोन वर्षांत मी राहीन न राहीन. उगाच घाई कशाला."

घरी पोचायच्या आत तोकुजींना कळलं असावं, कारण त्याच आठवड्यात आम्ही तिघं स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानात गेलो. मला भाताचा कुकर घ्यायचा होता.

त्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर भिंतभर टीव्ही लावलेले. सगळ्यांवर एकच चित्र, रात्रीच्या आकाशातली फटाक्यांची आतषबाजी. माणसं समोरून जाताना जरा थबकत, फटाके बघत आणि किंमत बघून पुढे जात. तोकुजींनी फटाक्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. ते फटाक्यांच्या मधल्या आकाशाकडे बघत होते. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून तळहाताएवढा काळ्या रेशमाचा तुकडा काढला आणि एका पडद्यावर धरला. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या.

एक विक्रेती मुलगी धावत आली. "काही मदत करू का, आजोबा? पडदा पुसायचा आहे का?"

"हे दोन प्रकार आहेत म्हणतात. फरक काय?"

मुलगी चांगली होती. तिने समजावून सांगितलं. हा एलसीडी. याच्या पाठीमागे दिवा सारखा जळत असतो आणि पुढे बारीक बारीक झडपा असतात. झडप उघडली की उजेड दिसतो, मिटली की काळं. आणि हा प्लाझ्मा. यात मागे दिवा नाही, प्रत्येक ठिपका आपला आपण पेटतो. नाही पेटला की काळं.

"म्हणजे पहिल्यात काळा झाकून ठेवलाय," तोकुजी म्हणाले.

"तसं म्हणता येईल."

"आणि दुसऱ्यात काळा केलेलाच नाही."

"म्हणजे... तो ठिपका विझलेला असतो."

"मग काळा आहे कुठे?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी कुकरकडे बघायला लागले.

"बरं," तोकुजी म्हणाले, "हे दिवे जरा घालवा. एवढ्या झगझगाटात काळा कळत नाही."

"दिवे म्हणजे?"

"या मजल्यावरचे."

"साहेबांना विचारून येते," असं म्हणून ती मुलगी गेली. आम्ही पंचवीस मिनिटं थांबलो. ती काही परत आली नाही. सावाकोसान तोवर कोपऱ्यातल्या पाठ चेपणाऱ्या खुर्चीत जाऊन बसली होती. मी बोलवायला गेले तेव्हा डोळे न उघडता म्हणाली, "त्यांना सांग, सावकाश बघा. सगळे टीव्ही बघा."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी हिरोओकांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. बल्ब बदलायला, पंखा उतरवायला हाक मारली की येतात. आम्ही मोठ्या दुकानात जाऊन आल्याचं त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं. हिरोओका स्वभावाने पापभिरू, पण दुकान राखायचं म्हणजे जरा धीर करावा लागतोच. दुसऱ्या दिवशी ते तोकुजींच्या दारात येऊन म्हणाले, "उमेगाकीसान, दुकानात बघून टीव्ही कळत नाही हो. मी दोन्ही तुमच्या घरी आणून लावतो. दहा दिवस बघा. नाही आवडले तर घेऊन जाईन."

"दिवे घालवता येतील ना?"

"तुमचंच घर आहे."

त्याप्रमाणे चटयांच्या मोठ्या खोलीत बेचाळीस इंची प्लाझ्मा आणि चाळीस इंची एलसीडी शेजारीशेजारी बसले. प्लाझ्मा आणताना हिरोओकांची पाठ धरली. तो उचलायला माणसं तीन आणि बसवायला कुरोसानच्या सूचना तीस. खोलीत दोन टीव्ही मावल्यावर माणसांना बसायला भिंतीकडेची पट्टी तेवढी उरली. सावाकोसानने जेवणाचं बैठं मेज स्वयंपाकघरात हलवलं.

पहिल्या रविवारी तोकुजींनी शेजाऱ्यांना बोलावलं. सकाळी अकरा वाजता, बाहेर छान ऊन पडलेलं असताना, आम्ही आठ माणसं लाकडी झडपा लावून अंधारात बसलो. हिरोओकांनी दोन्हींवर एकदम एकच चित्र लावलं. अंधारं आकाश, एका कोपऱ्यात चंद्र.

मला टीव्हीतलं काही कळत नाही. पण आंधळ्यालाही दिसलं असतं. उजवीकडच्या प्लाझ्मात आकाश संपून खोलीतला अंधार कुठे सुरू होतो ते सापडत नव्हतं. डावीकडच्या एलसीडीचं आकाश पहाटेसारखं निळसर उजळलेलं. अंधारातही पडद्याची चौकट स्पष्ट दिसत होती.

तोकुजी पुढे सरकले. आधी एकाला नाक लावलं, मग दुसऱ्याला. रेशमाचा तुकडा धरला.

"डावा," ते म्हणाले. "डाव्याचा काळा खरा. तांबड्यावर चढवलेला, ऊबदार. निळ्याचा अंश नाही. उजव्याचंही काही वाईट नाही म्हणा, सारखेच आहेत जवळजवळ. पण डावा."

आता दुसऱ्या एखाद्या गावात कोणीतरी म्हटलं असतं, अहो काय बोलताय, नीट बघा. आम्ही क्योतोची माणसं.

"असं होय," तांदूळवाले म्हणाले.

"तुमची नजर ती तुमची नजर," त्यांची बायको म्हणाली.

हिरोओका चटईची वीण निरखत होते. मी सावाकोसानकडे बघितलं. मला वाटलं होतं ती चकित झाली असेल. ती जराही चकित झालेली नव्हती. "चहा ठेवते," म्हणून ती उठली आणि जाता जाता तिने झडप उघडली.

दोन दिवसांनी मी त्यांची ताटली परत द्यायला गेले. दुपारी चारनंतरची वेळ. रोज चारला तोकुजी टॉवेल खांद्यावर टाकून कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचे आणि गरम पाण्यात बसून, चार माणसांशी गप्पा मारून सहाला यायचे. पुढे कोणी दिसलं नाही म्हणून मी मागे कारखान्यात गेले. सावाकोसानने बाह्या बांधलेल्या होत्या. रंगाची कुंडी वाफाळत होती आणि ती एक ताका हळूहळू तिच्यात सोडत होती. काळाच ताका. म्हणजे रंगवून झालेला.

तिने मला बघितलं, पण हात थांबवला नाही. हात थांबला तर डाग पडतो.

"बघितलंस," ती म्हणाली.

"मी काही नाही बघितलं."

"बघितलंस तर ते टोक धर."

मी टोक धरलं. आम्ही ताका बाहेर काढून विसळला. मग म्हणाली, "पाच वर्षं झाली. घाऊक व्यापाऱ्याचा माणूस एक ताका परत घेऊन आला होता. हे न्हायला गेलेले. तो म्हणाला, आजींचीच काहीतरी विसळण्यात चूक झाली असेल, निळा दिसतोय. किती गोड बोलला बघ. मी म्हटलं, हो, माझीच चूक."

"त्यांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? उमेगाकीचा काळा निळा दिसतो म्हणून सांगू?" तिने ताक्याचं टोक उजेडात धरून बघितलं. "त्यांच्या डोळ्यांना निळा दिसेनासा झालाय. बाकी सगळं नीट आहे. हात तोच आहे. शेवटची एक बुडी तेवढी मी देते. रोज नाही, लागेल तेव्हा."

"किती वेळा लागते?"

"लोणचं चांगलं झालं होतं," ती म्हणाली. "जरा मीठ कमी चाललं असतं."

मी घरी आले. भिंतीपलीकडे सहा वाजता तोकुजींचा आवाज आला, "वाळला का गं?" आणि तिचा, "वाळतोय."

तोकुजी मूर्ख नव्हते. डोळा गेला तरी कान जागेवर होते. डावा टीव्ही घ्यायचं ठरलं असं त्यांनी हिरोओकांना सांगितलं नाही. उलट आठवडाभर काहीच बोलले नाहीत. मग एका सकाळी माझ्या दुकानात आले, सलगमच्या लोणच्याचं पिंप उगाच बघितलं आणि म्हणाले, "फुमी, त्या दिवशी आठ माणसं होती ना?"

"आठ, हो."

"मी डावा म्हटलं. कोणी वाद घातला नाही."

"कोण घालणार तुमच्याशी?"

"तांदूळवाला घालतो. गेली चाळीस वर्षं घालतो. मी पाऊस पडतोय म्हटलं तर तो बाहेर हात काढून बघतो. त्या दिवशी तो म्हणाला, असं होय." त्यांनी पिंपाचं झाकण लावलं. "निळा कोणता होता?"

"मला लोणच्यातलं कळतं, कुरोसान," मी म्हणाले. तोंडावर कुरोसान म्हटलं ते माझ्या नंतर लक्षात आलं.

त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. "म्हणजे डावा," ते म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळी ते बसने एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. सावाकोसानला सांगितलं, रंगाऱ्यांच्या संघाची मीटिंग आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, जुना, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, तुम्ही कितीतरी वर्षं जणू पिवळ्या काचेतून बघताय. काम काय करता? तोकुजींनी सांगितलं, रंगारी आहे. तेव्हा डॉक्टरांनी तारीख जवळची दिली. हे सगळं त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, आणि तेही डॉक्टरच्या शर्टाबद्दल बोलताना ओघात.

घरी मात्र सांगावंच लागलं. पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. हिरोओकांचे दहा दिवस केव्हाच उलटून गेले होते. ते टीव्ही न्यायला आले की तोकुजी डोळ्यावर पट्टी बांधलेले दारात येत आणि म्हणत, "हलवू नका. माझं बघून व्हायचंय." हिरोओका परत जात. त्यांची बायको दुकानात म्हणाली म्हणे की एवढ्यात तर पोरगी बघून लग्न ठरतं.

दुसरी पट्टी निघाली त्या दिवशी डिसेंबर उजाडलेला होता. तोकुजी घरी जायच्या आधी माझ्या दुकानात थांबले आणि मोहरीच्या पानांच्या लोणच्याकडे वाकून बघायला लागले.

"हे एवढं हिरवं करतेस? काय घालतेस यात?"

"मीठ. पंचवीस वर्षं तेच घालते."

"रंग घातल्यासारखं दिसतंय," असं रंगाऱ्याने मला ऐकवलं. मग आकाशाकडे बघितलं, माझ्या फडताळावरच्या निळ्या वाडग्याकडे बघितलं, तो हातात घेतला. "हा पूर्वीपासूनच असा होता?"

"तुम्हीच दिलेला आहे, दुकान उघडलं तेव्हा."

त्यांनी वाडगा जपून जागेवर ठेवला.

त्या दुपारी ते झडपा लावून दोन टीव्हींसमोर एकटे बसले. पाचच मिनिटं. सावाकोसान बाजारात गेली होती. ते मागे कारखान्यात गेले आणि नमुन्यांची वही काढली. प्रत्येक कामाचा दोन बोटांचा तुकडा चिकटवून ठेवायची त्यांच्या घराची रीत आहे, आजोबांपासूनची. ती घेऊन ते उत्तरेच्या खिडकीपाशी बसले. तो उजेड खोटं बोलत नाही, असं ते नेहमी म्हणत.

पुढचं मी पाहिलं, कारण मी त्यांच्यासाठी मुळ्याचं लोणचं द्यायला गेले होते आणि मला जा कोणी म्हणालं नाही. सावाकोसान पिशवी घेऊन आली तेव्हा वही तिच्या बसायच्या जागी उघडी होती.

"मला वाटलं होतं घाण निघेल," तोकुजी म्हणाले. "इतक्या वर्षांची घाण. आता कोणाकोणाच्या दारात जाऊन माफी मागायची ते मोजत होतो."

सावाकोसानने पिशवी खाली ठेवली.

"एकही वाईट नाही. एकही. पण यातले हे माझे नाहीत." त्यांनी बोट ठेवलं. "हा नाही. हाही नाही. हा माझ्यापेक्षा गडद आहे. तांबडं खालून नीट वर आलंय. मला इतकं कधी जमलं नाही. किती वर्षं?"

"पाच असतील."

"रोज?"

"रोज कशाला. लागेल तेव्हा."

"किती वेळा लागलं?"

"चहा ठेवू?" सावाकोसान म्हणाली.

ते उठून बाहेर गेले. तीन दिवस बोलले नाहीत. न्हाणीघरात गेले नाहीत. चार वाजता आपले कारखान्यातच बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून, कुंडीकडे बघत. सावाकोसान नेहमीसारखी स्वयंपाक करायची, ताट वाढायची, आणि भिंतीपलीकडे मला ऐकू येईल एवढ्या आवाजात स्वतःशीच म्हणायची, "घर कसं शांत आहे. दोन दोन टीव्ही असून." पण ती रात्री जेवत नव्हती हे मला तिच्या भांड्यांवरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी मी नुसत्या भातावर चहा ओतून तो तिच्या पुढ्यात ठेवला, तर तिने तो खाल्ला आणि म्हणाली, "मी सांगायला हवं होतं का, फुमी?" तिने मला कधी काही असं सरळ विचारलेलं नव्हतं. मी तिच्या वाटीत आणखी भात घातला.

चौथ्या दिवशी चार वाजता भिंतीपलीकडून आवाज आला.

"शेवटच्या बुडीला किती वेळ ठेवतेस?"

बादली खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "मोजत नाही. एक गाणं मनात म्हणते, ते संपलं की काढते."

"कोणतं?"

"ते नाही सांगणार."

"आणि विसळायला?"

"पहाटेचं पाणी काढून ठेवलेलं. गार."

"म्हणून," तोकुजी म्हणाले. "म्हणून." मग कुंडीखालचा गॅस पेटल्याचा आवाज आला.

टीव्ही मात्र अजून तिथेच. नवीन वर्ष दहा दिवसांवर आलं, घर झाडायचे दिवस आले. हिरोओका यावेळी बायकोला घेऊन आले, म्हणजे रिकाम्या हाताने परतायचं नाही असं ठरवून. तोकुजींनी दोघांना बसवलं आणि म्हणाले, "मला काही विचारू नका. डोळा या घरात हिचा आहे. हिला विचारा."

सावाकोसान हात पुसत आली. "माझं तर ऑक्टोबरातच ठरलंय," ती म्हणाली.

"ठरलंय?" तोकुजी म्हणाले. "कोणता? उजवा ना?"

"हिरोओकासान, तुमच्या खिडकीत तो लहान आहे ना, बत्तीस इंची? चंदेरी कडेचा? तो."

"तो एलसीडी आहे," तोकुजी म्हणाले.

"असेल."

"अगं, त्यात काळा निळा दिसतो. डाव्यापेक्षाही निळा दिसेल. स्वस्तातला आहे."

"अहो, मी टीव्ही बघते सकाळी सव्वाआठला, भाजी चिरताना. खिडकी उघडी, दार उघडं. मी सकाळची मालिका बघते. त्यात सगळे दिवसभर उन्हात बोलत उभे असतात." तिने प्लाझ्माकडे बोट केलं. "हा उन्हात आरसा होतो. त्यात मला मीच दिसते, कांदा चिरताना. उचलून झाडता येत नाही. संध्याकाळी हात लावून बघा, चुलीसारखा तापतो. आणि दोन्हींवर बातम्या सांगणाऱ्याचं तोंड तुमच्या तोंडाएवढं दिसतं. असं एक तोंड घरात आहे, ते पुरे आहे."

हिरोओकांच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला.

"मग दोन महिने बोलली का नाहीस?" तोकुजींनी विचारलं.

"तुम्ही एवढे मन लावून बघत होतात. पन्नास वर्षांत तुम्हाला टीव्हीकडे इतकं बघताना मी बघितलं नव्हतं. म्हटलं बघू द्यावं."

तोकुजींनी प्लाझ्माच्या पडद्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "अंधारात कोणी बघतच नाही का टीव्ही?"

"बघत असतील कोणी कोणी," हिरोओका दिलासा देत म्हणाले.

तो बत्तीस इंची टीव्ही त्याच संध्याकाळी आला. हिरोओकांनी तो एकट्याने काखेत मारून आणला आणि स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. दोन मोठे जायला निघाले तेव्हा मात्र प्लाझ्मा उचलायला कोणाची पाठ तयार होईना. शेवटी तांदूळवाल्यांनी तो विकत घेतला, कारण त्यांच्या घरचा रस्ता सगळ्यांत जवळ होता. त्यांच्याकडे कुस्त्या त्यावर फार छान दिसतात असं ते सांगतात, आणि कुरोसान म्हणतात की फार लखलखीत दिसतात, आणि मग दोघांचा वाद होतो. वाद परत सुरू झाला याचं गल्लीत सगळ्यांना बरं वाटलं.

नवीन वर्षाला रित्सुको पोराबाळांना घेऊन आली. स्वयंपाकघरातला टीव्ही बघून म्हणाली, "एवढासा? बाबा, तुम्ही एवढं बघून बघून हा घेतला?"

"आईला विचार," तोकुजी म्हणाले. "या घरातल्या काळ्याचं सगळं खातं आता तिच्याकडे आहे. मी नुसता गॅस पेटवतो."

हे खरं नव्हतं. ते अजून रंगवत होते, आणि आता निळा दिसत असल्यामुळे पूर्वीपेक्षा जास्तच छळत होते. फरक एवढाच की चारची वेळ बदलली. आधी दोघं मिळून उत्तरेच्या खिडकीत ताका बघणार, मग तो बुडी घेणार की नाही ते ठरणार, आणि मगच ते टॉवेल खांद्यावर टाकणार. न्हाणीघरातले त्यांचे सोबती तक्रार करायला लागले की उमेगाकीसान हल्ली पाचच्या आत येत नाहीत.

फेब्रुवारीत नागानोच्या एका घराण्याचं पाच किमोनोंचं काम आलं. त्या दुपारी भिंतीपलीकडे अर्धा तास नुसता वाद. तांबड्याचा हात दोनदा द्यायचा की तीनदा. तोकुजी म्हणत दोनदा, आजोबांपासून दोनदाच. सावाकोसान म्हणे, आजोबांच्या वेळी रेशीम वेगळं होतं. तिचा तो लहानसा आवाज त्या दिवशी गिऱ्हाइकांपर्यंत माझ्या दुकानात येत होता. त्यात स्वयंपाकघरातला टीव्ही मोठ्याने चालू. मला हिशोब सुचेना, म्हणून मी आवाज कमी करा असं सांगायला गेले. टीव्हीवर कोणीतरी बाई समुद्रकाठी उभी राहून रडत होती आणि तिच्याकडे बघायला स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मी स्वतःच आवाज कमी केला आणि मागे गेले.

"बरी आलीस," तोकुजी म्हणाले. "ये, बघ. हा दोन हातांचा, हा तीन हातांचा. कोणता?"

दोघांनी एकेक तुकडा माझ्यासमोर धरला. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"असं होय," मी म्हणाले.

"ते चालणार नाही," सावाकोसान म्हणाली. "खिडकीपाशी ये आणि नीट बघून सांग."